गो, वेंट, गॉन आणि आमची पोरं

गेल्या उन्हाळ्यात काटोल तालुक्यातल्या एका गावी लग्नाला जाणं झालं. पंगती उठल्या होत्या, आम्ही चार-दोन जण कडुनिंबाखाली बाज टाकून बसलो होतो. यजमानांचा नातू तिथंच खेळत होता. पाचवीतला. तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंटला जातो, रोज पिवळी गाडी न्यायला येते. आजोबांनी हाक मारली, "ये बाबू, पाहुण्यायले ते म्हणून दाखव." पोरगं उभं राहिलं, हात मागं बांधले आणि सुरू झालं : गो, वेंट, गॉन. कम, केम, कम. ईट, एट, ईटन. ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट. एका दमात चाळीसेक क्रियापदं झाली. आजोबांची छाती फुगली. मांडवातल्या बायाही थांबून ऐकू लागल्या.

मी सहज विचारलं, "बाबू, आज सकाळी काय खाल्लं ते इंग्रजीत सांग." पोरगं चूप. मग आजोबांकडं पाहिलं आणि हळूच म्हणालं, "आय इज ईट पोहा."

'एट' हा शब्द त्याच्या जिभेवर होता, अर्ध्या मिनिटापूर्वीच त्यानं तो म्हटला होता. पण त्या शब्दाचं सकाळच्या पोह्यांशी काही नातं आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. यात पोराचा दोष नाही, आजोबांचा तर नाहीच नाही. आंबिया बहाराचा पैसा हाती आला की पहिला हप्ता शाळेचा, मग खतवाल्याचा, असा त्यांचा शिरस्ता आहे. त्याच घरातली धाकटी नात मात्र गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाते. मुलगा कॉन्व्हेंटला आणि मुलगी झेडपीला, हे गणित आपल्याकडं किती घरांत मांडलं जातं, त्यावर कधीतरी वेगळं लिहावं लागेल.

आज लिहायचं आहे ते क्रियापदावर. शेतीच्या पानावर इंग्रजी व्याकरण काऊन आणलं, असं कुणी म्हणेल. पण ज्या गोष्टीपायी शेतकरी आपला बहार मोडतो आणि ज्या गोष्टीपायी गावच्या शाळेचा पट गळतो, ती गोष्ट शेतीच्या पानावर नाही तर कुठं यावी?

माझी पिढी इंग्रजी शिकली ती पाचवीपासून. ज्याच्या घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची फाटकी प्रत असे तो हुशार समजला जाई. पुढं आठवीत गुरुजींनी फळ्यावर ट्रान्झिटिव्ह आणि इन्ट्रान्झिटिव्ह अशा दोन क्रियापदांच्या व्याख्या इंग्रजीत लिहून दिल्या. आम्ही त्या पाठ केल्या, परीक्षेत उतरवल्या, मार्क मिळाले. त्यानंतर कैक वर्षांनी नागपुरात एका कचेरीत मराठी न येणाऱ्या साहेबाला 'माझा अर्ज हरवला' हे सांगायची पाळी आली, तेव्हा मी 'आय लॉस्ट' म्हणालो. म्हणजे अर्ज त्यांच्याकडून हरवला होता आणि मी कबुली दिली की मीच हरवला! व्याख्या तोंडपाठ होती, बरं का.

जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्यावर तेव्हा पुष्कळ गदारोळ झाला. कल्पना अशी होती, की लहान वयात पोर कानानं ऐकेल, तोंडानं बोलेल, गाणी म्हणेल, व्याकरण मागाहून येईल. ती काही वाईट नव्हती. त्याला आता पंचवीस वर्षं उलटली. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली ती ५७ टक्क्यांना. आणि ज्यांना वाचता आली, त्यातल्याही सुमारे एक चतुर्थांश मुलांना वाचलेल्याचा अर्थ सांगता आला नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणण्यावरून राज्यात रान उठलं आणि २९ जूनला सरकारला आपले शासन निर्णय मागं घ्यावे लागले. कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, यावर आपण भांडतो. कशी शिकवावी, यावर मात्र एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

माझं म्हणणं असं, की पहिलीत येणारं खेड्यातलं पोर क्रियापदाचे सगळे प्रकार डोक्यात घेऊनच येतं. ते मराठीत असतात, एवढंच. इंग्रजी तिथून सुरू करा.

घरातला माठ फुटला, की आई विचारते, काय झालं? पोर काय म्हणतं? "माठ फुटला." "मी माठ फोडला" असं कोणतंही शहाणं पोर म्हणत नाही. सकर्मक आणि अकर्मक यातला फरक त्याला इतका पक्का ठाऊक असतो, की पाठीवर धपाटा बसण्याच्या भीतीनं ते नेमकं अकर्मक निवडतं! फुटला म्हटलं की करणारा दिसत नाही, फोडला म्हटलं की लगेच विचारणा होते, कोणी? आपल्या शेतात अशा जोड्या पसरलेल्या आहेत. दोर तुटला, गोऱ्ह्यानं दोर तोडला. संत्री पडली, वाऱ्यानं संत्री पाडली. काडीकचरा जळला, गड्यानं जाळला. वासरू सुटलं, पोट्ट्यानं सोडलं. आता पोराला सांगा, की इंग्रजीवाल्यांनी इथं आळस केला आहे. त्यांच्याकडं फुटणं आणि फोडणं या दोन्हींना एकच शब्द, 'ब्रेक'. 'द पॉट ब्रोक' म्हणजे माठ फुटला, 'आय ब्रोक द पॉट' म्हणजे मी फोडला. शब्द बदलत नाही, जागा बदलते. आपल्याकडंही अशी थोडी क्रियापदं आहेत : दार उघडलं, त्यानं दार उघडलं, फांदी मोडली, त्यानं फांदी मोडली. मराठी व्याकरणात त्यांना उभयविध म्हणतात. इंग्रजीत अशांचा ढीग आहे. एवढं ज्या पोराला कळलं, त्याला ट्रान्झिटिव्ह हा शब्द दोन वर्षं उशिरा कळला तरी काही बिघडत नाही.

आणखी एक खूण सांगतो. तो आला, त्यानं आणलं. ती झोपली, तिनं झोपवलं. झालेली गोष्ट सांगताना जिथं 'नं' लागतो, तिथं बहुतेक क्रियापद सकर्मक असतं. याला अपवाद आहेत : तो धडा शिकला, तो नाव विसरला, तो खोटं बोलला. मी आणि तू यांनाही हा 'नं' लागत नाही. पण दहातली आठ तरी बरोबर येतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण १८३६ साली लिहिलं, मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ चा. म्हणजे हे सगळं जुनंच आहे. मराठीच्या तासाला ते एका खोलीत शिकवलं जातं आणि इंग्रजीच्या तासाला शेजारच्या खोलीत पुन्हा कोरी पाटी. दोन्ही तास एकच मास्तर घेत असले तरी!

काही ठिकाणी इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, तेही पोराला सांगायला पाहिजे. त्यानं बैल विकला, गाय विकली, वासरू विकलं. आपल्याला तीन रूपं लागतात. इंग्रजीत तिन्हींना 'सोल्ड'. हे सांगितलं की पोरांचे चेहरे कसे खुलतात ते मी पाहिलं आहे.

मग ते गो-वेंट-गॉनचं काय? गोचं वेंट कसं झालं, हा प्रश्न प्रत्येक पोराला पडतो आणि बहुतेक ठिकाणी त्याला "पाठ कर" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, जा चं 'गेला' कसं झालं? ये चं 'आला'? कर चं 'केलं', हो चं 'झालं', मर चं 'मेला'? दोन-अडीच वर्षांचं लेकरू 'करलं' म्हणतं, आपण हसतो आणि दुरुस्त करतो. रोजच्या वापरातल्या विळ्याची मूठ झिजून हाताच्या आकाराची होते, तशी रोज तोंडात असलेली क्रियापदंच वाकडी राहतात, आपल्याकडंही आणि त्यांच्याकडंही. म्हणून शंभराचा तक्ता नको. रोज लागणारी वीस घ्या आणि संध्याकाळी पोराकडून दिवसभरात काय केलं ते त्या वीसांत वदवून घ्या. उठलो, खाल्लं, गेलो, पाहिलं, आणलं, दिलं, पडलो, झोपलो. वीसात पोराचा सगळा दिवस बसतो.

आता आपल्या नागपुरी बोलीची गोष्ट. आपण म्हणतो, "मी जाऊन राहिलो", "तो काय करून राहिला?" पुण्यामुंबईकडं यावर हसतात. आपल्याकडचेच काही गुरुजी पोराला टोकतात, "जात आहे म्हण." प्रमाण मराठी यायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण 'जाऊन राहिलो' म्हणजे तंतोतंत 'आय ॲम गोइंग', आणि 'रोज जातो' म्हणजे 'आय गो'. हा फरक आपलं पोर जन्मापासून बोलतं. त्याला टोकण्याआधी त्याचा फायदा तरी करून घ्या.

फक्त एका ठिकाणी ही बोली फसवते. आपण "मले दिसून राहिलं", "मले वाटून राहिलं" असंही म्हणतो. ते सरळ उचलून इंग्रजीत नेलं की 'आय ॲम सीइंग', 'आय ॲम नोइंग' होतं. 'आय ॲम हॅविंग टू सन्स' हे तर चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी मी ऐकलं आहे. इंग्रजीत काही क्रियापदं करण्याची असतात, काही नुसती असण्याची. ओळखायचं कसं? हुकूम देऊन पाहा. 'जा', 'आण', 'नांगर' असा हुकूम देता येतो. 'तुला माहीत अस', 'तुला दोन पोरं अस' असा हुकूम कोणी देत नाही. जिथं हुकूम चालत नाही तिथं सहसा 'इंग' लावायचं नाही. गड्याला काम सांगणाऱ्या घरातल्या पोराला ही कसोटी लवकर कळते.

याच 'हॅव'नं आपली पोरं जास्त अडतात, कारण मराठीत हे क्रियापदच नाही. माझ्याकडं दोन बैल आहेत, मला दोन मुलं आहेत, माझी पाच एकर आहे. बैलांसाठी 'कडं', मुलांसाठी 'ला', जमिनीसाठी 'माझी', आणि तिन्हीकडं 'आहे'. इंग्रजीत बैल, मुलं, जमीन सगळ्यांना एकच 'आय हॅव'. हे एकदा समोर मांडून दाखवलं नाही, तर पोर जन्मभर 'माय टू बुलक्स आर' म्हणत राहील.

आणि 'डिड यू वेंट?' ही चूक तर घरोघरी आहे. आपल्याला प्रश्न विचारायला शेवटी नुसता 'का' लागतो : बाजारात गेला का? इंग्रजीला त्यासाठी 'डू'चा गडी लावावा लागतो. झालेल्या काळाचं ओझं त्या गड्यानं एकदा डोक्यावर घेतलं, की मूळ क्रियापद रिकामं चालतं : 'डिड यू गो'. दोघांच्या डोक्यावर एकच ओझं कशाला? एवढंच सांगायचं असतं.

सरपंच, सदस्य आणि कचेरीशी संबंध असलेल्या मंडळींनी आता जरा लक्ष द्यावं, कारण पुढची क्रियापदं त्यांच्या कामाची आहेत. 'करावे', 'करता येईल' आणि 'करण्यात आले आहे' यांतला फरक त्यांच्याइतका कुणाला कळतो? 'करावे' आलं की झोप उडते, 'करता येईल' आलं की फाइल कपाटात जाते. आणि 'रस्ता मंजूर करण्यात आला आहे' या वाक्यात कोणी केला, हे शोधूनही सापडत नाही. माठ फुटला म्हणणाऱ्या पोराची ती मोठी भावंडं! इंग्रजी कायद्यात हेच काम 'शॅल' आणि 'मे' करतात. 'शॅल' म्हणजे बांधील, 'मे' म्हणजे मर्जी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २९ मध्ये मुलांच्या शिकण्याचं माध्यम मातृभाषा असावं असं आहे, आणि तिथं क्रियापद 'शॅल' आहे. पण त्याच्या पाठोपाठ 'शक्य असेल तितपत' अशा अर्थाचे शब्द येतात आणि बांधलेलं दावं सैल होतं. हे वाचता येणारा एक तरी माणूस गावात असावा की नाही?

फवारणीच्या औषधाचं पत्रक घ्या. मराठी मजकूर असतो, पण मुंगीएवढ्या अक्षरांत. मग पोर मोबाइल काढतं आणि इंग्रजीत शोधतं. तिथं 'मस्ट' आहे की 'शुड', 'डू नॉट मिक्स' आहे की 'मे बी मिक्स्ड', यावर बापाचा जीव असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. ते सगळं पत्रक न वाचल्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. त्याला कारणं पुष्कळ होती. पण आपल्या मुलाला इंग्रजी कशासाठी पाहिजे, याचं माझं उत्तर पाहुण्यांपुढं म्हणून दाखवण्यासाठी हे नाही. त्याला 'मस्ट' कळावं यासाठी आहे.

कुणी म्हणेल, शिष्यवृत्तीच्या नि पुढं स्पर्धा परीक्षेत प्रकार नावानिशी विचारतात, त्याचं काय? नावं यायलाच पाहिजेत. सातवी-आठवीपर्यंत ती यावीत. पण बारसं मूल जन्मल्यावर करतात. आपल्याकडं नाव आधी ठेवतात आणि मूल जन्मलं की नाही ते कुणी पाहत नाही.

गुरुजींची अडचणही मला ठाऊक आहे. दोन शिक्षकी शाळा, चार-पाच वर्ग, त्यात मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती भरणं. शिवाय ते स्वतः आमच्यासारखेच व्याख्या पाठ करून शिकलेले. त्यांना दोष देऊन काम भागणार नाही. पण माठाचं उदाहरण द्यायला निधी लागत नाही आणि केंद्रप्रमुखांची परवानगीही लागत नाही.

त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. समितीच्या सभेत पोषण आहार, रंगरंगोटी, संडासाचं दार हेच विषय होतात. तेही हवेत. पण एखाद्या सभेत चौथीतलं एक पोर समोर उभं करा आणि चार गोष्टी इंग्रजीत विचारायला सांगा : काल काय केलं, आत्ता काय करून राहिला, उद्या काय करणार, आणि काय करता येत नाही. आधी मराठीत सांगू द्या, मग इंग्रजीत. सभेतल्या कुणालाही इंग्रजी येत नसेल तरी चालेल. पोर स्वतःच्या मनातलं बोलतंय की पाठ केलेलं म्हणतंय, हे आईबापाला चेहऱ्यावरून कळतं. पिवळ्या गाडीवाल्या शाळेतही प्रवेशाआधी हेच चार प्रश्न विचारून पाहा आणि मग हप्ता भरा.

त्या गावच्या झेडपी शाळेचा पट मी निघताना विचारला. बावीस. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारनं २०२३ साली पुढं आणला होता, तेव्हापासून असे आकडे ऐकले की पोटात गोळा येतो. अजून तीन पोरं त्या गाडीत चढली, की यजमानांच्या नातीलाही गावाबाहेर शाळा शोधावी लागण्याची पाळी येऊ शकते, आणि तिच्यासाठी गाडी लागेलच असं नाही.

आम्ही निघालो तेव्हा ती पोरगी दारात उभी होती. बाबूला मी पुन्हा विचारलं, पण आधी मराठीत. तो म्हणाला, "आजीनं पोहे केले, मी खाल्ले." म्हटलं, केलेचं 'मेड' आणि खाल्लेचं 'एट', दोन्ही तुझ्या तक्त्यात आहेत, आता जोड. त्यानं जोडलं. मागून पोरगी म्हणाली, "अन् मले नाई उरले, ते कसं म्हणतात?"

'उरणं' बाबूच्या तक्त्यात नव्हतं. मलाही जरा विचार करावा लागला.